बंदुकीची जखम: अपघात, आत्महत्या की घातपात, हे शवचिकित्सेत कसं ठरतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या तुमच्या मामांकडे शेती राखण्यासाठी परवान्याची एकनळी बारा बोअरची बंदूक होती. रात्री रानडुकरं हाकायला काजूच्या बागायतीत गेले ते परतले नाहीत, सकाळी तिथेच मृतावस्थेत सापडले. छातीच्या डाव्या बाजूला जखम, बंदूक दोन-तीन पावलांवर पडलेली. शवचिकित्सा अहवालात ‘बंदुकीच्या जखमेमुळे रक्तस्राव व शॉक’ एवढंच कारण आहे आणि पुढे ‘अंतिम मत प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर’ असं लिहिलंय. गावात तीन तऱ्हेची बोलणी सुरू झाली आहेत. तुम्ही विचारता, जखम बघून डॉक्टरांना कळत नाही का, की कळूनही लिहिलं नाही?

घरचं माणूस असं गेल्यावर अहवालातली अर्धी वाक्यं किती छळतात याची मला कल्पना आहे, म्हणून उत्तर मोघम देत नाही. पण मामांच्या बाबतीत काय घडलं हे कागद आणि फोटो न पाहता मी सांगू शकत नाही. डॉक्टर कशावरून काय ठरवतो आणि कुठे थांबतो, तेवढं नीट मांडतो.

इथे दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. मृत्यू कशाने झाला, हा एक. ती गोळी कोणाच्या हातून आणि कोणत्या हेतूने सुटली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शवचिकित्सेच्या टेबलावर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर देहावर अर्धंच असतं, उरलेलं अर्धं बंदुकीत, कपड्यांत आणि त्या बागायतीत. अमेरिकेत मेडिकल एक्झामिनर मृत्यूच्या दाखल्यावरच नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, हत्या किंवा अनिश्चित असा पाचांपैकी एक शेरा लिहितो. आपल्याकडे ती पद्धत नाही. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४), आणि जखमा कशा प्रकारे, कोणत्या हत्याराने झालेल्या दिसतात हे त्या चौकशी अहवालात पोलिसांनी मांडायचं असतं. डॉक्टरने मृत्यूचं कारण, जखम जिवंतपणीची की नंतरची, किती अंतरावरून आणि कोणत्या दिशेने झाली, स्वतःच्या हाताने होणं शक्य होतं का, एवढं सांगायचं. तेव्हा अहवालात ‘आत्महत्या’ किंवा ‘अपघात’ हा शब्द नसणं ही टाळाटाळ नाही. उलट पहिल्याच दिवशी तो शब्द लिहिला असता तर मला काळजी वाटली असती.

आता जखमेकडे. बंदुकीच्या जखमेतून सगळ्यात जास्त कळतं ते अंतर. काडतूस उडतं तेव्हा नळीतून फक्त छर्रे बाहेर पडत नाहीत. ज्वाळा, गरम वायू, काजळी, न जळलेले दारूचे कण आणि वॅड, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधली पुठ्ठ्याची, नमद्याची किंवा प्लॅस्टिकची गादी, हे सगळं बाहेर येतं आणि प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या अंतरापर्यंत पोचते. नळी अंगाला टेकलेली असेल तर बारा बोअरच्या नळीएवढं, साधारण १८ ते १९ मिलिमीटरचं गोल भोक पडतं. काजळी बाहेर कमी आणि जखमेच्या आत जास्त सापडते, कातडीवर कधी नळीच्या तोंडाचा ठसा उठतो, आणि दारूच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आतले स्नायू चेरीसारखे लालभडक दिसतात. नळी थोडी दूर असली की काजळी बाहेर पसरते. ही साधारण १५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत दिसते आणि ओल्या गॉझने पुसली जाते. त्याच्याही पुढे, मीटरभर अंतरापर्यंत, दारूचे कण कातडीत रुतून तांबूस ठिपके उठतात. त्याला टॅटूइंग म्हणतात आणि ते धुतलं तरी जात नाही. काजळी जाते, टॅटूइंग राहतं, हा फरक फार महत्त्वाचा. म्हणून फोटो काढायचे ते जखम पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर, दोन्ही वेळा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

साधारण मीटरभर अंतरापर्यंत छर्रे एकाच गठ्ठ्याने आत शिरतात. मीटरच्या आसपास भोकाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. दोन मीटरच्या सुमारास मोठ्या भोकाभोवती सुट्या छर्ऱ्यांची भोकं दिसू लागतात, आणि तीन-चार मीटरच्या पुढे मधलं भोक मोडत जाऊन नुसता शिंतोडा उरतो. नळीला चोक (म्हणजे तोंडाकडे किंचित अरुंद केलेला भाग) नसेल तर एक ढोबळ हिशेब आहे, दर मीटर अंतराला अडीच ते तीन सेंटीमीटर फैलाव. पण हा हिशेब पाठ करून अहवालात अंतर लिहू नये. चोक असेल तर फैलाव कमी होतो, नळी कापलेली असेल तर वाढतो, आणि काडतूस एलजीचं, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं, असेल तर त्यात छर्रे दहाच्या आतच असतात, तेवढ्यावरून फैलाव मोजणंच धोक्याचं. खरं अंतर ठरतं ते तीच बंदूक आणि त्याच प्रकारची काडतुसं घेऊन, वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर चाचणी-गोळीबार करून. ते बॅलिस्टिक तज्ज्ञाचं काम. तुमच्या अहवालात मत राखून ठेवलंय, त्याचं हे एक मोठं कारण असू शकतं.

फैलाव कातडीवरच मोजायचा, एक्स-रेवर कधीच नाही. अगदी जवळून लागलेल्या छर्ऱ्यांचा गठ्ठा अंगात शिरताच मागचे छर्रे पुढच्यांवर आदळून चहूकडे उडतात. एक्स-रेत छातीभर पसरलेले छर्रे पाहून ‘लांबून लागली’ असं वाटतं आणि कातडीवर मात्र एकच गोल भोक असतं. वॅड तर एक्स-रेत दिसतही नाही, ती जखमेत बोटाने चाचपून शोधावी लागते.

या सगळ्यातून हाती काय येतं? अंतरावरून आत्महत्या नाकारता येते, सिद्ध करता येत नाही. समजा मामांच्या जखमेभोवती सुट्या छर्ऱ्यांची भोकं आहेत आणि फैलाव आठ-दहा सेंटीमीटर आहे. तर नळी अंगापासून तीन मीटरच्या आसपास होती आणि ती त्यांच्या हातात असणं शक्य नाही. मग दोनच शक्यता, बंदूक दुसऱ्या कोणाच्या हातात होती, किंवा रानडुकरांसाठी वाटेवर तार ताणून कोणी बांधून ठेवली होती. बांधलेल्या बंदुकीची जखम बहुधा मांडी-गुडघ्याच्या उंचीवर असते आणि तिची दिशा जवळजवळ आडवी असते, त्यामुळे छातीच्या जखमेत ती शक्यता मागे पडते, अर्थात माणूस वाकलेला किंवा चढावर नसेल तर. उलट नळी टेकलेली होती असं निघालं, तर आत्महत्या, हातातून सुटलेली बंदूक, झटापट किंवा कोणीतरी टेकवून झाडलेली गोळी, हे सगळंच शिल्लक राहतं. गावातली माणसं ‘अगदी जवळून लागली म्हणजे स्वतःच’ असं म्हणतात. ते चूक आहे.

कपड्यांवर मी मुद्दाम थांबतो, कारण पुरावा सगळ्यात जास्त तिथेच हरवतो. छातीची जखम कपड्यांतून झालेली असते, आणि काजळी व दारूचे कण कातडीवर न पोचता शर्टावरच अडकतात. रात्री राखणीला जाणारा माणूस जाड स्वेटर किंवा जॅकेट घालतो. अशा वेळी कातडी स्वच्छ दिसते आणि कपडे न पाहता मत दिलं तर वीस सेंटीमीटरवरून झालेली जखम दोन मीटरवरून झालेली ठरते. घाईत शर्ट फाडताना कात्री भोकातूनच चालवली जाते. रक्ताने भिजलेले कपडे ओलेच प्लॅस्टिक पिशवीत बांधले जातात आणि आपल्या पावसाळ्यात चार दिवसांत त्यांना बुरशी लागते. बरोबर रीत अशी: कपड्यांसकट एक्स-रे, मग भोक सोडून कपडे उतरवणं, सावलीत वाळवणं, घड्यांमध्ये कागद घालून कागदी पाकिटात सील. गडद कापडावर किंवा रक्ताखाली दबलेली काजळी साध्या नजरेला दिसत नाही, इन्फ्रारेड फोटोत दिसते. जखमी माणूस आधी इस्पितळात पोचला असेल तर आणखी एक अडचण येते. जीव वाचवायच्या धडपडीत जखम धुतली जाते, कधी त्याच भोकातून छातीतलं रक्त काढायची नळी घातली जाते. डॉक्टरांनी केसपेपरवर मूळ जखमेचं दोन ओळींचं वर्णन लिहून ठेवलं तरी पुढचं खूप काही वाचतं.

तुमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट. मामांची बंदूक शेजारी पडली होती, म्हणून जखम तिचीच, असं धरून चालू नये. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या पट्ट्यात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून ठासायच्या, बंदुकाही आहेत आणि त्या सगळ्या परवान्याच्या नाहीत. ठासणीत काळी दारू असते, तिचा धूर, ज्वाळा आणि काजळी आजच्या काडतुसापेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे वर दिलेली अंतरं तिला जशीच्या तशी लावता येत नाहीत. शिवाय दारू प्रत्येक वेळी हाताने अंदाजाने भरतात, म्हणून चाचणी-गोळीबारातूनही एक आकडा न निघता एक पल्ला निघतो. पण तिची ओळख जखमेतच सापडते. काडतुसात कारखान्याची वॅड असते. ठासणीत दारूवर दाबायला चिंधी, वर्तमानपत्राचा तुकडा किंवा नारळाचा काथ्या असतो, आणि छर्ऱ्यांऐवजी कधी सळईचे तुकडे, बेअरिंगच्या गोळ्या. जखमेतून काथ्या निघाला आणि शेजारी बारा बोअरची बंदूक पडलेली असेल, तर तपासाची सगळी दिशाच बदलते. म्हणून जखमेतून वॅड निघाली का, आणि कसली, हा प्रश्न तुम्ही नक्की विचारा.

गुळगुळीत नळीतून सुटलेल्या छर्ऱ्यांवर रायफलच्या नळीत आतून कोरलेल्या आट्यांसारख्या खुणा उमटत नाहीत, म्हणून छर्रे पाहून ‘याच बंदुकीचे’ असं कोणी सांगू शकत नाही. सांगता येतं ते रिकाम्या काडतुसावरून, त्याच्या बुडावर उमटलेल्या फायरिंग पिनच्या खुणेवरून. आणि एकनळीत झाडलेलं काडतूस बंदूक मोडून उघडेपर्यंत आतच राहतं. तेव्हा सापडली त्या क्षणी नळीत काय होतं? झाडलेलं काडतूस असेल तर सुसंगत आहे. नळी रिकामी किंवा आत जिवंत काडतूस असेल, तर त्या गोळीनंतर कोणीतरी बंदूक उघडली आहे. पोलिसांनी सुरक्षिततेसाठी उघडली असेल तर ते योग्यच, पण पंचनाम्यात तसं लिहिलेलं हवं.

हात पोचत होता का, हे मोजता येतं. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी आणि नळीच्या तोंडापासून घोड्यापर्यंतचं (ट्रिगरपर्यंतचं) अंतर, दोन्ही टेपने घ्यायचं. या बंदुकांची नुसती नळीच बहुधा ७० ते ८० सेंटीमीटर असते. जखमेची जागा आणि दिशा त्यात बसवून पाहायची. हात पोचत नसेल तर घोडा कशाने दाबला गेला याचं उत्तर जागेवर सापडायला हवं. दिशा लिहिताना डॉक्टरने एक भान ठेवावं लागतं. टेबलावर देह उताणा असतो, बागायतीत माणूस उभा होता, वाकला होता की गडग्यावर (दगडी बांधावर) चढत होता हे जखम सांगत नाही. ‘खालून वर, डावीकडून उजवीकडे’ एवढंच खात्रीने म्हणता येतं.

अपघाताची नेहमीची रीत म्हणजे भरलेली बंदूक नळीकडून धरून गडगा किंवा कुंपण ओलांडणं. घोडा वेलीत किंवा फांदीत अडकतो आणि गोळी धरणाऱ्यालाच लागते. जखम बहुधा टेकलेली नसते, काही सेंटीमीटरपासून हातभर अंतराची असते आणि दिशा तिरकी वरची. ही शक्यता तपासायला बंदुकीचीच परीक्षा लागते. घोडा ओढायला किती जोर लागतो (चांगल्या बंदुकीला साधारण दीड-दोन किलो लागतात, झिजलेलीला फार कमी), सेफ्टी धरते का, आपटल्यावर सुटते का. हातोडी (हॅमर) बाहेर असलेल्या जुन्या बंदुकांत अर्ध्यावर ओढलेली हातोडी झिजेमुळे निसटते. हा अहवाल आल्याशिवाय कोणी ‘अपघात’ म्हणत असेल तर तो अंदाज आहे.

‘अपघात’ या शब्दात गावाकडे आणखी एक गोष्ट मिसळते. काळोखात दुसऱ्याने डुक्कर समजून झाडलेली गोळी लागली तर लोक तिलाही अपघातच म्हणतात. कायद्यात तो निष्काळजीपणाने झालेला मृत्यू आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. अशा जखमा बहुतेक लांबून आणि छर्रे पसरलेल्या असतात. डॉक्टरने सांगितलेलं अंतर तिथे सगळ्यात मोलाचं ठरतं.

बंदूक दोन-तीन पावलांवर होती याचा अर्थ मात्र फार काढू नका. धक्क्याने बंदूक मागे उडते, आणि हृदयाला इजा झाली तरी मेंदूतला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो, तेवढ्यात माणूस काही पावलं चालू शकतो. मुठीत घट्ट आवळलेली बंदूक हा स्वतःच्या हाताचा बळकट पुरावा असतो, पण तसं क्वचितच सापडतं. नसली म्हणून संशय वाढत नाही.

हातावरच्या बारूदकणांची तपासणी लोकांना निर्णायक वाटते, ती तशी नाही. शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकत्र असलेले सूक्ष्म कण सापडले तर माणूस झाडलेल्या बंदुकीच्या जवळ होता एवढं कळतं, आणि ज्याला जवळून गोळी लागली तो जवळ असणारच. देह उचलताना हात घासले तर ते निघून जातात, म्हणून जागेवरच हातांना कागदी पिशव्या बांधाव्या लागतात. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा धरतो. जुनी पॅराफिनची चाचणी तर शेतकऱ्याच्या हातावरच्या खतातल्या नायट्रेटनेही होकारार्थी येते, तिच्यावर काहीही ठरवू नये.

आपल्या हवेचाही परिणाम होतो. रात्रीच्या पावसाने उघड्या कातडीवरची काजळी धुऊन जाते. उष्म्यात दीड दिवसात देह फुगतो, वरची कातडी सुटते आणि तिच्याबरोबर टॅटूइंगही जातं. किडे जखमेपासूनच सुरुवात करतात आणि तिच्या कडा बदलतात. मुंग्यांच्या चाव्यांचे तपकिरी ठिपके घाईत टॅटूइंग समजले जाऊ शकतात, म्हणून ते भिंगाने पाहायचे आणि शंका असेल तर कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकासाठी ठेवायचा. मामा सकाळीच सापडले हे त्या दृष्टीने बरं झालं.

कर्ज, आजार, घरातलं भांडण, शेजाऱ्याशी वाद, शेवटचे फोन, हे पोलिसांनी गोळा करायचं. डॉक्टरला ते माहीत असावं, पण जखमेचं वाचन त्याने बदलू नये. ‘मामा तसे नव्हते’ हे तुमचं म्हणणं खरं असेल, तरी पुरावा म्हणून ते एकटं उभं राहत नाही. तसंच ‘कर्ज होतं’ हेही राहत नाही.

तुम्ही आता काय करायचं? तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन शवचिकित्सा अहवालाची आणि पंचनाम्याची प्रत मागा. अहवालात पाच गोष्टी शोधा: जखमेची मापं आणि टाचेपासून तिची उंची, काजळी व टॅटूइंगचा उल्लेख (‘नाही’ असला तरी तो लिहिलेला हवा), जखमेची दिशा, कपड्यांचं वर्णन, आणि वॅड व छर्रे सील करून दिल्याची नोंद. यातलं एखादं नसेल तर डॉक्टरकडून खुलासा मागवण्याची विनंती पोलिसांना करता येते आणि ती चालीची गोष्ट आहे, कोणाचा अपमान नाही. मग बंदूक, काडतूस, कपडे हे सगळं प्रयोगशाळेकडे गेलंय का आणि कोणत्या तारखेला, हे विचारा. अर्धवट वस्तू गेल्या तर अर्धवटच उत्तर येतं. त्यांचा अहवाल आल्यावर तो शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरसमोर ठेवून अंतिम मत घ्यावं लागतं. ते आपोआप होत नाही आणि प्रकरणं बऱ्याचदा इथेच अडकतात. अर्ज तिथेही द्या.

शेवटचं मत ‘स्वतःच्या हाताने होणं शक्य आहे, पण अपघात नाकारता येत नाही’ असंही येऊ शकतं. तुमचं समाधान होणार नाही, पण पुरावा तेवढाच असेल तर प्रामाणिक उत्तर तेच आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरवलंत तर तो फोटो, एक्स-रे, कपडे, वॅड आणि चाचणी-गोळीबाराची कापडं यांवरच काम करेल, कारण अग्नी दिल्यावर देह पुन्हा तपासता येत नाही. तेव्हा प्रकरण बंद होईपर्यंत या वस्तू नष्ट करू नयेत, अशी मागणी आजच लेखी देऊन तिची पोच घ्या.